जॅकखालची ताटली

आमच्या घरात एक वस्तू कधी आडवी ठेवायची नाही असा दंडक होता, आणि ती काही देवाधर्माची वस्तू नव्हती. तो होता जीपचा जॅक. बुटका, जाड, अंगावरचा लाल रंग जागोजाग उडालेला, आणि उचलायला गेलं की हात खाली ओढणारा. त्याच्या पोटात तेल. बाजूला दांडी खुपसून पंप मारला की ते तेल पिस्टनला वर ढकलायचं आणि माणसांनी भरलेली जीप एका बाजूनं अलगद उठायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जीप जुनी घेतली तेव्हा हा जॅक तिच्याबरोबर आंदण आला होता. आंदणात आलेल्या वस्तूत खोट निघाली तर बोलायची सोय नसते. खोट अशी, की तो गळायचा. उभा असला तर दिवसाकाठी एखाद-दोन टिपके, आणि चुकून आडवा पडला तर सगळं पोट रिकामं. म्हणून तो जीपमध्ये कायम राहायचा नाही. सकाळी अण्णा त्याला कडेवर घेतल्यासारखा नेत, ड्रायव्हरच्या सीटमागं बादलीत चिंध्या कोंबून उभा करत, आणि संध्याकाळी परत घरात आणत. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एका जुन्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीवर त्याची जागा ठरलेली होती. त्याच कोनाड्यात आधी आईची फणी-करंड्याची पेटी असायची.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तापानं गेली, चार दिवसांत. त्याबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते पुढच्या दोन वर्षांबद्दल, ज्यात अहमदपूरच्या मोंढ्यामागच्या दोन खोल्यांत मी आणि अण्णा असे दोघंच राहत होतो. अण्णा पहाटे जीपमध्ये भाड्यानं माणसं घेऊन निघत. एक दिवस नांदेडची फेरी, एक दिवस बिलोलीकडची. मी भाकरी करायला शिकले होते, म्हणजे भाकरीसारखं काहीतरी. तिला मध्ये भोक पडायचं आणि कडा जाड राहायच्या. अण्णा ती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुकाट खायचे, चांगली म्हणायचे नाहीत की वाईट म्हणायचे नाहीत. शाळेतून आलं की घर रिकामं. मोंढ्यात हमालांची पोती आपटण्याचा धप्प धप्प आवाज चालू असायचा, मापं मोजणारा माणूस एका सुरात आकडे म्हणायचा, आणि लांबून एसटी स्टँडवरच्या गाड्यांचे भोंगे यायचे. प्रत्येक भोंग्याला मला वाटायचं आता कुणीतरी येईल. येणार कोण होतं? मला एकटं वाटायचं, अगदी पोटात दुखावं तसं, आणि ते एकटेपण आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी समजायची भूक लागली, आणि उठून गूळ खायची.

अण्णा मूळचेच अबोल. आई होती तेव्हा तिच्या बोलण्यात त्यांचं न बोलणं खपून जायचं. ती गेल्यावर ते उघडं पडलं. पण रोज सकाळी जॅक उचलताना ते खालची ताटली बघत आणि मला विचारत, “किती?”

मी ताटली उजेडाला धरून मोजायची. “दोन.”

“काल?”

“काल तीन.”

“बरं हाय मग,” म्हणत आणि निघत. कित्येक दिवस आमचं सगळं बोलणं एवढंच असायचं. मी ते दिवसभर पुरवून वापरायची. आता हसू येतं, पण ज्या दिवशी टिपके जास्त असत त्या दिवशी मला आनंद व्हायचा, कारण त्या दिवशी अण्णा एक-दोन वाक्यं जास्त बोलायचे.

खरं बोलणं व्हायचं रविवारी. रविवारी दुपारी अण्णा दारापुढं पोतं अंथरत, जॅक मध्ये ठेवत आणि मला हाक मारत. आधी फडक्यानं सगळा पुसायचा. मग खालचा व्हॉल्व्ह सैल करून पिस्टन तळहातानं दाबून पूर्ण आत बसवायचा, कारण तो वर राहिला तर त्यावर धूळ बसते, गंज चढतो, आणि तीच धूळ पुढच्या वेळी आतल्या रबरी वाशराला खाते. मग बाजूचं रबरी बूच नखानं काढायचं आणि चमच्यानं तेल घालायचं, बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, त्याच्या वर नाही. मग दांडीनं चार-सहा वेळा रिकामा पंप मारायचा, म्हणजे आतली हवा बुडबुडे काढून निघून जाते. मग बूच, मग व्हॉल्व्ह, मग परत उभा. चमचा आईच्याच स्वयंपाकातला होता, पण आता तो जॅकचा झाला होता आणि वेगळ्या खिळ्याला लटकायचा. “तेल सोच्छ पायजे,” अण्णा सांगत. “पातळ पायजे. कचरा नगं. आन् ब्रेकचं तेल तर कधीच घालायचं न्हाई, रबर फुगतं त्यानं.” हे ते दर रविवारी तितक्याच गंभीरपणे सांगत, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायची. पुढं मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. द्रवाच्या दाबाचा धडा आला की पोरींना वाटायचं बाईंना या धड्याचं फार प्रेम आहे.

माझी आत्या उदगीरला असायची. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता. “पोरगी माझ्याकडं दे. तू दिवसभर रोडवर, ती घरात एकली. उद्या काय झालं तर लोक मला इचारतील.” अण्णा दर वेळी म्हणत, बघू. त्या ‘बघू’ची मला फार भीती वाटायची. आत्या वाईट नव्हती. पण उदगीरला गेले असते तर अण्णांना सकाळी टिपके कोण सांगणार? आणि मला तरी अण्णांशिवाय कोण होतं? मी मनाशी पक्कं केलं होतं की घर असं राखायचं, की आत्याला बोट ठेवायला जागा सापडू नये. मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी दसऱ्याला आत्या येणार असं ठरलं, आणि ती सणाला नाही तर मला न्यायला येणार आहे हे मला न सांगताच कळलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. त्या दिवशी जीप निघायची नाही. अण्णांनी सकाळी लवकर जीप धुतली, तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि आत्याला आणायला एसटीनं उदगीरला गेले. जाताना म्हणाले, “घरातली हत्यारं तू मांड. तुझी माय कशी मांडायची तशी. उद्या दुपारी येतो आम्ही. रात्री गयाबाईकडं झोप.” गयाबाई म्हणजे शेजारीण. मला तर अस्मान ठेंगणं झालं. पूजा माझ्या हाती दिली होती. आईचा एक हिरवा खण पेटीत होता, तो मी पाटावर अंथरला. विळी ठेवली, कोयता ठेवला, पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड एका ओळीत ठेवले. आई मांडायची तेव्हा म्हणायची, “आज हत्यारं निजत असत्यात. वर्षभर राबत्यात, एक दिस निजू द्यावं.” आणि खरंच ती सगळी हत्यारं निजवायची, अगदी मुसळसुद्धा. आईच्या हयातीत जॅक पूजेत नव्हता, तेव्हा तो एवढा गळायचा नाही आणि जीपमध्येच असायचा. पण मी विचार केला, सगळ्यांत जास्त राबतं कोण? मी जॅक कोनाड्यातून उतरवला, पुसला, हळदीकुंकू लावलं आणि पक्कडीच्या शेजारी खणावर आडवा निजवला.

तुम्ही म्हणाल, दर रविवारी ऐकणारी पोर हे कशी विसरली? विसरले नव्हते. त्या दिवशी माझ्या कानात अण्णांचं नव्हतं, आईचं होतं. एवढंच सांगता येतं.

दुपारी वरणभाताचा नैवेद्य घेऊन आले तेव्हा खणावर रुपयाएवढा काळा डाग दिसला. मी पुढं झाले आणि थांबले. एकदा पूजा झाली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. विळीसुद्धा उचलायची नाही म्हणून त्या दिवसाची भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची असते. हात लावला की वर्षभर काहीतरी इपरीत घडतं, असं आई म्हणायची. आणि आमच्या घरी आधीच एवढं घडून गेलेलं होतं. मी पाटासमोर बसून राहिले. डाग वाटीएवढा झाला, मग ताटलीएवढा. हिरव्या खणाची एक बाजू काळी होत गेली. जॅक माझ्या डोळ्यांसमोर रिकामा होत होता, मी हात मांडीखाली दाबून धरले होते, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं. गयाबाईला विचारलं असतं तर ती उद्या आत्याला सांगणार. संध्याकाळी दिवा लावून, दाराला कडी घालून मी गयाबाईकडं झोपायला गेले. तिनं विचारलं, “पूजा झाली का गं?” मी म्हटलं, “हाव.”

दसऱ्याच्या सकाळी धावत घरी आले, पूजा उरकली आणि पहिल्यांदा जॅक उचलला. तो इतका हलका लागला की मला रडू फुटलं. अण्णांचा तेलाचा डबा जीपमध्ये, जीपला कुलूप, किल्ली अण्णांच्या कंबरेला. दुपारी आत्या येणार. घरात तेल एकच होतं, करडईचं. आमच्याकडं तेव्हा सगळा स्वयंपाक करडईच्या तेलात व्हायचा, घाण्यावरून काढून आणलेल्या. मी अण्णांच्या अटी एकेक आठवल्या. पातळ पाहिजे, हे पातळ आहे. स्वच्छ पाहिजे, मी ते दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळलं. ब्रेकचं नको, हे कुठं ब्रेकचं आहे? चमच्या-चमच्यानं भोकाच्या काठापर्यंत भरलं, पंप मारून हवा काढली, बूच लावलं, आणि जॅक ताटलीवर उभा केला. अगदी शिकवल्याबरहुकूम. आईचा खण मात्र चुलीत घातला. तेलानं तो भडकन पेटला आणि मी तोंड फिरवलं. आईची म्हणून हातात राहिलेली ती शेवटची नवी वस्तू होती.

आत्या आली. तिनं डबे उघडून पाहिले, हंडा-कळशी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. जेवताना माझी भाकरी मोडून म्हणाली, “पोरीनं घर बरं राखलंय की रे.” अण्णा ताटाकडं बघत म्हणाले, “मग ऱ्हाऊ दे इथंच.” झालं. मी जिंकले होते. सोनं द्यायला गल्लीत गेले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

पण त्या दिवसापासून मला अण्णांची भीती वाटायला लागली, जी आधी कधी वाटली नव्हती. सकाळी त्यांनी “किती?” विचारलं की मी त्यांच्याकडं पाठ करून ताटली धरायची. टिपके पिवळसर पडायचे, मी बोटानं पुसून टाकायची आणि “एक” म्हणायची. रविवारी दिवाळीच्या गिऱ्हाइकांमुळं जीप निघायची, म्हणून संध्याकाळी जॅक घरात आल्यावर त्याचं काम दोनदा-तीनदा मीच एकटीनं उरकलं. मी बोलेनाशी झाले. दोन अबोल माणसं समोरासमोर बसून जेवत होती, आणि त्यातलं एक खोटं बोलत होतं. त्या दिवसांत वाटलं तेवढं एकटं मला आधीच्या रिकाम्या दुपारींतही वाटलं नव्हतं.

करडईच्या तेलाचा एक गुण मला पुढं शिकताना कळला. ते वाळतं. शेंगदाण्याचं तेल तसं लवकर वाळत नाही, करडईचं मात्र हवेवर राहिलं की आधी चिकट होतं आणि मग डिंकासारखं धरतं. कढईच्या काठाला जे तपकिरी थर धरतात, जे घासून जात नाहीत, तेच. जॅकच्या पोटात महिना-दीड महिना हेच चाललं होतं. थंडी पडली, आणि बिलोलीच्या रस्त्यावर जीपचं मागचं चाक बसलं. जॅकनं जीप उचलली. चाक बदललं. पण व्हॉल्व्ह सैल केला तरी पिस्टन खाली येईना. जीप एका पायावर उभी, तशीच. माणसं थोडा वेळ थांबली, मग मागून आलेल्या ट्रकांत, बैलगाड्यांत बसून निघून गेली. अण्णा तिथं एकटे राहिले. दुपारी येतो म्हणालेला माणूस दिवेलागणीपर्यंत आला नाही. मी ओट्यावर बसून प्रत्येक भोंगा ऐकला. मला वाटलं, हत्याराला हात लावला नाही तरी इपरीत झालंच. अंधार पडता पडता जीपचा आवाज आला. एका ट्रकवाल्यानं दुसऱ्या जॅकवर जीप घेऊन त्यांना सोडवलं होतं. अण्णा आत आले, जॅक ताटलीवर ठेवला. पिस्टन अजून वरच होता. त्यांनी त्याच्यावर बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं, आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन महेबूब मामूंच्या गॅरेजवर गेले. मामू हे बसस्टँडमागचे मेस्त्री, पांढऱ्या दाढीचे, मोठ्यानं बोलणारे. त्यांनी जॅक शिकंज्यात धरून खोलला आणि आत बघून हसायलाच लागले. “अरे, ये तो भजे का तेल हाय! कौन तळून राहिलं रे जॅकमध्ये भजे?” गॅरेजातली सगळी माणसं हसली. मी जमिनीकडं बघत उभी होते. माझ्या पायावर टप टप पाणी पडलं तेव्हा मामूंचं हसू बंद झालं. ते अण्णांकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “जाऊ द्या. लेकरू हाय. मी करून देतो.”

परत येताना अण्णा मोंढ्याच्या कोपऱ्यावर थांबले. “कवा घातलंस?”

मी सगळं सांगितलं. खण, डाग, पूजा, आईचं निजवणं, सगळं. खण जाळला हेही सांगितलं.

“आन् तवापासून कामून सांगितलं न्हाईस?”

“तुमी मला आत्याकडं धाडताल म्हणून.”

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. पुसतच राहिले. मग म्हणाले, “दीड म्हैना तू हे एकलीच घिऊन बसलीस. घरात सांगाया एक माणूस न्हाई तुला. मी तर असून नसल्यासारखा.” आणि घराकडं चालू लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला उदगीरला नेऊन सोडलं. मी रडले, पाय आपटले, दोन दिवस जेवले नाही. मला वाटलं ही शिक्षा आहे. ते मोंढ्याच्या कोपऱ्यावर काय म्हणाले होते ते मी शब्द न शब्द ऐकलं होतं, पण अकरा वर्षांच्या पोरीला ते कळायला अजून बरीच वर्षं जायची होती. जे होऊ नये म्हणून मी लपवलं, ते लपवल्यामुळंच झालं.

आत्याच्या घरात बारा-तेरा माणसं. सकाळी भाकऱ्यांची चळत रचली जायची, धपाट्यांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारची कानडी आजी रोज कुंपणावरून “ऊटा आयता?” म्हणून जेवण झालं का विचारायची, आणि मी तिला तिच्याच भाषेत “आयतु” म्हणायला शिकले होते. एवढ्या गर्दीत मी एकटीच होते. सगळे एकमेकांशी बोलायचे, माझ्याशी चांगलंही वागायचे, पण सकाळी उठल्यावर मला कुणी “किती?” विचारायचं नाही.

अण्णा महिन्यातून एकदा यायचे. पहिल्या खेपेला ओसरीवर पाऊण तास बसून राहिले. आत्यानं चहा दिला, मी समोर उभी. “अभ्यास?” “चालू हाय.” “जेवतीस ना?” “हाव.” संपलं. टोपी घालून उठले. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांच्या हातात जॅक होता. मामूंनी साफ करून दिलेला, चकचकीत. पोतं अंथरून म्हणाले, “बघ बरं जरा. तेल लई कमी झालं बग ह्याचं. वाशर जुनंच हाय, गळणारच.” मी बसले. पुसलं, पिस्टन दाबला, बूच काढलं. त्यांनी बरोबर डबा आणला होता, आणि खिळ्यावरचा तो चमचासुद्धा. दोन-तीन चमचे कमीच होतं. “पातळ पायजे, सोच्छ पायजे,” अण्णा म्हणाले, “आन् ब्रेकचं तर कधीच…” मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी मान वळवली. तेल घालता घालता मी त्यांना शाळेतलं सांगितलं, वर्गातल्या पोरींचं सांगितलं, रात्री घरची आठवण येते हेही सांगितलं. ते जॅककडं बघत ऐकत होते. त्या दिवसापासून दर खेपेला जॅक यायचा, दर खेपेला दोन-तीन चमचे कमी असायचा, आणि आम्ही बोलायचो. आत्याच्या घरातले हसायचे, बापलेकीला दुसरं काही सुचत नाही म्हणायचे. खरंच सुचत नव्हतं.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. शाळा लवकर सुटली होती. स्टेशनकडच्या रस्त्यानं घरी येत होते, तर वळणावरच्या लिंबाखाली आमची जीप दिसली. घर तिथून हाकेवर. मी पळणार तेवढ्यात अण्णा दिसले. जीपच्या आडोशाला उकिडवे बसले होते, जॅक मांडीवर तिरका धरून. बूच काढलेलं होतं. ते एका बाटलीत तेल ओतत होते, अगदी बेतानं, थांबून, आत डोकावून बघत, परत थोडं ओतत. मनासारखं कमी झालं तसं त्यांनी बूच लावलं, जॅकवर सांडलेला ओघळ पुसला, बाटलीला झाकण लावून ती सीटखाली सारली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामूंनी त्याच वेळी वाशर नवे टाकले असणार. जॅक चार वर्षं गळतच नव्हता.

मी पुढं गेले नाही. पलीकडच्या गल्लीनं लांबचा वळसा घातला, आणि अण्णा ओसरीवर येऊन पोतं अंथरेपर्यंत कोपऱ्यावर थांबले. डोळे पुसले, वेणी पुढं घेतली, आत गेले. अण्णा म्हणाले, “लई तेल गेलंय गं या खेपेला.”

“हाव की,” मी म्हटलं, “लईच गेलंय,” आणि चमचा घेतला.

हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, याचा अजून निकाल लागत नाही. पहिल्यांदा लपवलं ते भीतीनं. हे लपवताना भीती नव्हती, त्यांच्याजवळ बसायला मिळत होतं तेवढं पुरे होतं. मी कॉलेजला लातूरला आले, नोकरीला लागले, लग्न झालं, मूल झालं, आणि जीप विकल्यावरसुद्धा अण्णा येताना पिशवीत जॅक घेऊन यायचे. जावयासमोर जरा लाजायचे. मग पिशवी सोफ्यामागं ठेवायचे आणि हे बाहेर गेले की काढायचे.

आता तो माझ्याकडं आहे. लातूरच्या या फ्लॅटच्या गॅलरीत, ऊन लागणार नाही अशा जागी, उभा, पिस्टन आत दाबलेला, खाली तीच जर्मनची ताटली. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली, माझे हेही गेले. मी दर रविवारी जॅक पुसते. ताटलीत टिपूस नसतो. तरी सकाळी उठल्यावर मी ती उजेडाला धरून बघते. म्हातारपणी माणसाला कसली ना कसली पूजा लागतेच, माझी ही. माझा मुलगा अभय पुण्याला असतो. रोज संध्याकाळी फोन करतो. “जेवलीस?” “हो.” “गोळ्या?” “घेतल्या.” आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ फोन धरून उभे राहतो. गुणी पोरगा आहे, पण आजोबांवर गेला आहे. मागच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, “आई, हे धूड भंगारात देऊन टाक ना. गाडीचं चाक बसलं तर आता फोन केला की माणूस येतो.” मी म्हटलं, “असू दे.” दोन दिवस तो सोफ्यावर बसून मोबाईल बघत राहिला आणि मी समोर बसून त्याच्याकडं.

परवा त्याचा फोन आला, सणाला दोन दिवस येतो म्हणून. आज दुपारी मी जॅक आत आणला, पोतं अंथरलं आणि खाली बसले. गुडघे कुरकुरतात, पण बसले. बूच नखानं काढलं, जॅक मांडीवर तिरका केला, आणि आत डोकावून बघत, थांबून थांबून, तीन चमचे तेल वाटीत ओतून घेतलं. मग ओघळ पुसला, जॅक ताटलीवर उभा केला, आणि वाटी पिठाच्या डब्यामागं सारली, अभयला सहज दिसणार नाही अशी.